मापन : धडा पहिला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर बजावलं होतं, "आठवणी सांगू नकोस, त्या सगळेच सांगणार आहेत. तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल." माझं काम म्हणजे वजनमापं. वैधमापन खात्यात माझी सगळी नोकरी गेली. बाजारपेठेत आम्हांला 'वजनमापवाले' म्हणतात. आम्ही गल्लीत शिरलो की चार दुकानांची शटरं अर्धी खाली यायची आणि उरलेल्यांकडून चहा यायचा. चहा मी घेत नसे, त्यामुळे लोक मला शिष्ट समजायचे. ते असो.

काय बोलावं याचा विचार करताना विज्ञानाच्या पुस्तकातला मापनाचा धडा आठवला. तो आपण कुणीच मनापासून वाचला नव्हता. लांबी मीटरमध्ये, वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वेळ सेकंदात. दोन गुणांचा प्रश्न, पाठ करायचा आणि सोडून द्यायचा. सर मात्र त्या धड्यावर तीन आठवडे अडून बसायचे. फळ्यावर कुणी नुसतं 'बारा' असं उत्तर लिहिलं की ते विचारायचे, "बारा काय? बारा ऊस?" सर आज पुढच्या रांगेत बसले आहेत, म्हणून जपून बोलतो. पण सर, त्या तीन आठवड्यांवर माझी सगळी नोकरी चालली.

तुमच्यापैकी काहींना उसाच्या रसाचा तास आठवत असेल. सरांनी स्टीलच्या डब्यात रस आणला होता आणि निम्म्या वर्गाचं लक्ष तो प्यायला कधी मिळतो याकडे होतं. ५० मिलिलिटरची घनतेची बाटली. आधी ती रिकामी तोलली, मग पाणी भरून तोलली. पाणी भरलं ५० ग्रॅम. मग बाटली पुसून रस भरला आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजनं घालत गेलो, तर रस भरला ५४ ग्रॅमला जरासा कमी. सरांनी विचारलं, "मग यात साखर किती?" सगळा वर्ग एकसुरात म्हणाला, "चार ग्रॅम." आणि सर नुसते हसले.

चार ग्रॅम नव्हतीच. रस साधारण १८ ब्रिक्सचा असेल, म्हणजे १०० ग्रॅम रसात १८ ग्रॅम विरघळलेले पदार्थ, त्यांत बहुतेक साखर. बाटलीतल्या रसात त्या हिशोबाने जवळजवळ पावणेदहा ग्रॅम होते. मग वजनात फरक फक्त चार ग्रॅमचा का? कारण साखरही जागा खाते. तिने बाटलीतलं सहा मिलिलिटर पाणी बाहेर ठेवलं, म्हणजे सहा ग्रॅम पाणी गेलं आणि पावणेदहा ग्रॅम साखर आली. वस्तुमान वेगळं, आकारमान वेगळं, आणि त्यांचं नातं म्हणजे घनता. मला तरी ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसात जी काचेची नळी तरंगत ठेवतात ती हेच काम करते. रस दाट तर नळी वर, पातळ तर खाली. ती नळी एका ठरावीक तापमानाला आखलेली असते. रस त्याहून गरम असला तर तो पातळ भासतो आणि वाचलेल्या आकड्यात दुरुस्ती करावी लागते. म्हणून शेजारी थर्मामीटर हवाच.

आपलं पुरुषोत्तमनगर कारखान्याभोवती वसलेलं. त्यामुळे आपल्याकडे मापन हा अभ्यासाचा विषय कमी आणि घरखर्चाचा विषय जास्त होता. हंगाम सुरू झाला की फाटकाबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग, रात्रभर हॉर्न, पहाटेचा भोंगा. कुणाच्या घरी मुलीचं लग्न या वर्षी की पुढच्या, हे त्या रांगेच्या शेवटी असलेल्या काट्यावर ठरायचं.

काट्याकडे येण्याआधी जुन्या मापांबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्या आजोबांची पिढी त्यांत जगली. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अडशेरी, दोन अडशेऱ्या एक पायली. ही मापं वजनाची नव्हती, आकारमानाची होती. ज्वारी तोलत नसत, मापात भरत. आता माप सपाट भरायचं की शीग लावून? घेताना शीग, देताना सपाट. सातपुड्यातून मोहाची फुलं, चारोळी घेऊन खाली उतरणाऱ्या माणसाच्या वाट्याला यातलं काय येत असेल, ते तुम्हीच ओळखा. आणि वजनाचा मण तरी कोणता? मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२ किलो ७०० ग्रॅम. बंगालचा मण ८२ पौंडांहून जास्त, म्हणजे ३७ किलोंच्या वर. नाव एकच, माल तिप्पट.

म्हणून १९५६ चा वजनमापांचा कायदा आला. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजनं बाजारात आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून ती सक्तीची झाली. तरी आपण आजही पाव किलो मिरचीला पावशेर म्हणतो. सोनारांनीही तोळा सोडला नाही, फक्त त्याचं वजन बदललं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्लीचा १० ग्रॅमचा. तेव्हा मैत्रिणींनो, आजीच्या काळातला दहा तोळ्यांचा दागिना आज मोडायला नेलात तर तो साडेअकरा तोळ्यांच्या वर भरला पाहिजे. दहाच भरला, तर सोनाराला पुन्हा तोलायला सांगा.

त्या किलोग्रॅमचा मूळ नमुना पॅरिसजवळ प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलाच्या रूपात ठेवलेला होता. भारताकडे त्याची ५७ क्रमांकाची प्रत आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. २० मे २०१९ पासून दंडगोलाची सद्दी संपली. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. पण माझ्या जीपमधली २० किलोंची लोखंडी वजनं एकमेकांशी ताडत ताडत शेवटी त्याच मानकापर्यंत पोचत होती. शहाद्याच्या बाजारात मी वजन पारड्यात ठेवलं की मागे ती सगळी साखळी उभी असायची. नोकरीत एवढी एकच गोष्ट मला अभिमानाची वाटे.

आता काटा. माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, काही वर्षं काट्यावर होते. तेव्हा इलेक्ट्रॉनिक काटे नव्हते. दांडीवर सरकतं वजन असायचं आणि टोकाला काटा मधोमध आला की वजन वाचायचं. बापूंची एक सवय होती. पाळी सुरू होताना आधी रिकामा काटा बघायचा. नंतर प्रत्येक गाडीवानाला हाक मारायची, "ये भाऊ, वाचून जा." बहुतेकांना वाचता यायचं नाही. तरी बोलवायचे. काटा मधोमध आहे एवढं तर त्याला दिसतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे खात्यात आल्यावर पाहिलं, तर वजन ग्राहकाला दिसलं पाहिजे हा नियमच आहे.

आजचा काटा वेगळा. लोखंडी फलाट, खाली भार ओळखणारे सेल, खोलीत पडदा. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी म्हणजे ऊस. खरं तर हे सेल वस्तुमान मोजत नाहीत, बल मोजतात. वस्तुमान आणि वजन यांतला फरक सर पुन्हा पुन्हा सांगायचे आणि आपल्याला वाटायचं, काय फरक पडतो? पडतो. दिल्लीत गुरुत्वाकर्षण मुंबईपेक्षा किंचित जास्त आहे. दिल्लीत पारखलेला काटा तसाच उचलून मुंबईत बसवला, तर २० टनांमागे दहाबारा किलो कमी दाखवेल. म्हणून काटा जिथे बसवला तिथेच प्रमाणित वजनं ठेवून पारखावा लागतो, आणि वर्षातून एकदा पडताळणी करून घ्यावी लागते.

माझ्याकडे तक्रारी यायच्या त्यांतल्या दोन सांगतो. गावांची नावं विचारू नका.

पहिली. एका शेतकऱ्याने दोन पावत्या आणल्या. खाजगी काट्यावर ट्रॉली तोलली तेव्हाचं वजन आणि तासाभराने दुसऱ्या काट्यावरचं वजन, फरक २१० किलो. माणूस संतापलेला. मी दोन्ही काटे तपासले, दोन्ही ठीक. मग ड्रायव्हरला शांतपणे विचारलं, ट्रॉलीवर कोण बसलं होतं? पहिल्या काट्यावर चार मजूर उसावर बसलेले होते, दुसऱ्याच्या आधी चहाला उतरले. शेतकरी हसला, पण मनातून खट्टू झाला. त्याला चोर सापडायला हवा होता.

दुसरी. काटा मध्यभागी बरोबर, पण एका कोपऱ्यावर वजनं ठेवली की साठ किलो कमी. फलाटाखाली उतरून पाहिलं तर पाचट आणि चिखल ठासून भरलेला. फलाट त्या कोपऱ्यात सेलवर न टेकता चिखलावर टेकत होता. चिखल काढला, काटा सरळ झाला. तिथल्या ऑपरेटरला शिव्या देणारे लोक गप्प झाले. त्याचा काही दोष नव्हता, पण फलाटाखालची सफाई हे आपलं काम आहे हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

या दोन्ही प्रकरणांत कुणी चोर नव्हता. पण चोर नसतोच, असं मी म्हणणार नाही. काटामारी हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. प्रश्न असा की चूक आणि चोरी वेगळी ओळखायची कशी? हेही त्या पहिल्या धड्यातच आहे. कोणत्याही मापकाचं सर्वांत लहान माप असतं. काटा दहा दहा किलोंनी वाचत असेल, तर पडताळणीच्या वेळी २० टनांवर दहा किलो इकडे किंवा तिकडे, एवढीच सूट. दहा किलो म्हणजे ०.०५ टक्के. समजा कुणी २० टनांमागे अर्धा टन कमी दाखवला, तर ते झाले अडीच टक्के, सुटीच्या पन्नास पट. शिवाय खरी चूक कधी जास्त दाखवते, कधी कमी. एकाच बाजूला रोज कमी दिसत असेल तर एकतर यंत्रात काही अडकलंय किंवा माणसाच्या मनात. यंत्रातलं वजनं ठेवून सापडतं.

इथवर सगळ्यांना पटतं. पुढचं जरा लक्ष देऊन ऐका, विशेषतः ज्यांचा ऊस आहे त्यांनी. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. उतारा म्हणजे गाळलेल्या शंभर किलो उसामागे निघालेली साखर. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३ रुपये ३२ पैसे वाढतात, टनाला ३३ रुपये २० पैसे. ३३ रुपये ऐकायला लहान वाटतात, पण पाच लाख टन गाळपावर ते एक कोटी ६६ लाख होतात.

आता गंमत बघा. समजा, एखाद्या ठिकाणी १०० टन ऊस आला आणि लिहिला ९७.५ टन. साखर तर खऱ्या शंभर टनांचीच निघणार, म्हणजे १०.२५ टन. मग कागदावरचा उतारा किती? १०.२५ भागिले ९७.५, म्हणजे १०.५१ टक्के. वजनात चोरलेलं उताऱ्यात वर आलं. दर वाढून टनाला सुमारे ३,४८६ रुपये झाला आणि तो ९७.५ टनांना लावला की रक्कम येते तीन लाख ४० हजारांच्या आसपास. खरं वजन लिहिलं असतं तर तीच रक्कम आली असती. इथेनॉलचा हिशोब सध्या बाजूला ठेवू. मुद्दा असा की दोन मापं एकमेकांवर पहारा देतात. वजन कमी लिहून पैसा खायचा असेल तर वरची पाव टन साखरही कुठेतरी लपवावी लागते. म्हणून शेतकऱ्याने काट्यासोबत उताऱ्याचा आकडाही बघत राहावं. आपल्या भागातला ऊस, तेच बियाणं, तेच पाणी, आणि उतारा शेजारच्यापेक्षा सतत खाली असेल, तर सभेत उठून विचारावं.

हा हिशोब मी शेतकऱ्यांच्या बैठकींत अनेकदा मांडला आणि लोकांना तो आवडायचा. एकदा मात्र मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "साहेब, आमचा उतारा कुठे येतो?" त्या ऊसतोडीला आलेल्या होत्या.

त्यांचा उतारा कुठेच येत नाही. तोडणीचा दर टनावर असतो. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात तो टनाला ३६६ रुपये झाला. समजा एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले, तर ७३२ रुपये. काट्यावर अडीच टक्के गेले की रोजचे १८ रुपये गेले, दीडशे दिवसांच्या हंगामात पावणेतीन हजार. शेतकऱ्याला ते उताऱ्याच्या वाटेने परत मिळू शकतात. तोडणाऱ्याला परत येण्याची वाटच नाही. त्याच्या मजुरीची दुसऱ्या कुठल्या मापाशी पडताळणी होत नाही.

आणि 'एक कोयता' म्हणजे किती? हे एकक आपल्या पुस्तकात नव्हतं. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. बाई पहाटे उठते, भाकरी करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि मोजताना ती नवऱ्याच्या कोयत्याचा अर्धा भाग. मी आयुष्यभर मापं तपासली, पण हे तपासण्याचा अधिकार माझ्या खात्याकडे नव्हता. आपल्या जिल्ह्यातून किती जोड्या दर वर्षी दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जातात हे तुम्ही एसटी स्टँडवर पाहिलेलं आहे. आपल्या वर्गातले दोघं सातवीनंतर दिवाळी झाली की दिसेनासे व्हायचे आणि होळीला परत यायचे. आज ते इथे नाहीत. पत्ते शोधायचा प्रयत्न झाला, असं संयोजक म्हणाले.

वेळेबद्दलही दोन शब्द, तेही भौतिक राशीच आहे. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो. वजन घटतं, साखरही घटते. ट्रॅक्टर दोन रात्री रांगेत उभा राहिला तर काट्यावर येणारं वजन तोडलेल्या उसाचं राहत नाही, वाळलेल्या उसाचं असतं. काटा अगदी खरा असूनही शेतकऱ्याचं आणि तोडणाऱ्याचं नुकसान होतं. म्हणून पावतीवर वजनाइतकीच वेळ महत्त्वाची. तोडीची तारीख आणि काट्याची तारीख, दोन्ही जपून ठेवा.

एक सूचना करून थांबतो. मेळाव्यासाठी जमवलेल्या वर्गणीतून काही रक्कम उरणार आहे, असं कळलं. शाळेला घड्याळ द्यावं, असं कुणीतरी सुचवलंय. माझं म्हणणं, घनतेच्या बाटल्या, एक चांगला तराजू आणि हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर द्यावा. रसाचा एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे बघितलं की ब्रिक्स वाचता येतो. मुलं शेतात नेतील, घरच्या उसाचा बघतील. रस पिऊनही टाकतील, चालेल.

आणि हंगामात जिथे जिथे साखरशाळा चालतात, तिथे एक तास घ्यायला मी तयार आहे. पुस्तक लागणार नाही. काट्याच्या जुन्या पावत्या हव्यात, तुमच्या घरी असतील त्या द्या. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, तारीख, वेळ, एवढंच मुलांना वाचायला शिकवायचं. संध्याकाळी आईच्या हातातली पावती पोराने वाचून दाखवली तर पुष्कळ झालं. दुपारच्या जेवणानंतर मी बाहेर लिंबाखाली बसतो आहे. ज्यांच्याकडे पावत्या असतील त्यांनी तिथे नाव आणि गाव लिहून द्यावं.